नोटीस जपानला, भुर्दंड वऱ्हाडला

२०२५ सालच्या ऑगस्ट महिन्यात केंद्र सरकारने दहा दिवसांच्या आत कापसासंबंधी दोन निर्णय केले. पहिल्या निर्णयान्वये परदेशी कापसावरील ११ टक्के आयात-जकात १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत माफ झाली. दुसरा निर्णय २८ ऑगस्ट रोजी जाहीर झाला आणि हीच माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. शहरातील वाचकांस या दोन तारखांत तीन महिन्यांचे अंतर दिसेल. ज्याच्या शेतात कपाशी उभी होती त्यास मात्र त्या अंतरात आपले सबंध वर्ष दिसले. विदर्भ-खानदेशचा कापूस बाजारात येऊ लागतो तो दसऱ्याच्या सुमारास. माफी ३० सप्टेंबरला संपती, तर जुना साठा सरल्यावरच्या अडचणीच्या दिवसांपुरती गिरण्यांची सोय झाली असती व नव्या पिकाच्या वाटेस कोणी गेले नसते. डिसेंबरअखेरपर्यंत ती लांबविताच वेचणीचा पहिला भर परदेशी गाठींच्या शेजारी येऊन उभा राहिला. बियाणे घेताना आणि पीककर्जाच्या कागदावर सही करताना कास्तकाराने जो हिशोब मनाशी मांडला होता, तो ११ टक्क्यांच्या आडोशाने उभ्या असलेल्या भावाचा होता. पीक फुलावर असताना तो आडोसा काढून घेण्यात आला.

सरकारचा पक्ष अगदीच पोकळ होता, असे आम्ही म्हणणार नाही. अमेरिकेने ७ ऑगस्टपासून भारतीय मालावर २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के जादा जकात बसविली होती. तिरुपूरच्या होजिअरी कारखान्यांत शिलाई करणाऱ्या बायांच्या हातचे काम जाण्याची वेळ आली होती. कापूस स्वस्त मिळाला तर सूत स्वस्त पडेल, सूत स्वस्त पडले तर कपडा परदेशच्या बाजारात कसाबसा टिकेल, ही विचारसरणी समजण्यासारखी आहे. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी येथील यंत्रमागांवर ज्यांची पोटे आहेत तीही माणसे आपलीच आहेत. आमची तक्रार निराळी आहे. वॉशिंग्टनने तिरुपूरवर बसविलेल्या दंडाचा काही हिस्सा यवतमाळने भरावा, असे ठरले. आणि हे ठरविण्यापूर्वी यवतमाळची साक्ष काढलीच पाहिजे, असा कोणताही नियम आपल्या कायद्यात नाही.

पुढे भाव हमीदराच्या खाली गेले, ते केवळ या माफीमुळे गेले असे म्हणणे सत्यास सोडून होईल. सप्टेंबरातील अतिवृष्टीने बोंडे सडली होती, कापसात ओल होती आणि जागतिक बाजारही मंद होता. परंतु जकात उठताच कापूस महामंडळाने आपल्या साठ्याचे विक्रीभाव खाली आणले, हेही खरे आहे. मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये जाहीर झालेला होता. तो मिळविण्यास ‘कपास किसान’ नावाच्या मोबाइल-योजनेत आगाऊ नोंदणी सक्तीची झाली होती. ज्यास नोंदणी जमली नाही, किंवा ज्यास दिवाळीपूर्वी हातात पैसा हवा होता, त्याने अडत्याच्या काट्यावर मिळेल त्या भावाने माल घातला.

हा प्रसंग आम्ही आज पुन्हा पुढे आणतो तो जुनी जखम खाजविण्यासाठी खास नव्हे. व्यापारी करार करण्याचा आणि त्यांतून निघण्याचा असा हंगाम गेल्या कित्येक दशकांत आला नव्हता. भारताने २०१९ च्या नोव्हेंबरात आशियाई देशांच्या मोठ्या व्यापारसंघटनेत शिरण्याचे नाकारले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकेने आपल्या मालास पूर्वापार दिलेली जकातसवलत काढून घेतली. त्यानंतर संयुक्त अरब अमीरात, ऑस्ट्रेलिया, स्वित्झर्लंड-नॉर्वे आदी चार देशांचा गट यांच्याशी नवे करार अंमलात आले आणि २०२५ च्या २४ जुलै रोजी ब्रिटनशी करारावर सह्या झाल्या. आग्नेय आशियातील राष्ट्रांशी २००९ साली केलेला करार आपल्यास तोट्याचा ठरला, तो सरळ मोडून टाका, असे म्हणणारे लोक उद्योगमंडळांत थोडे नाहीत. त्यांचे म्हणणे चूक की बरोबर, हा आजचा आमचा विषय नाही. करार मोडावयाचा झाल्यास तो कसा मोडावा, आणि मोडताना कोणास विचारावे, हा आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधावयास परदेशी जाण्याची गरज नाही. आपल्याच देशाने अवघ्या तीन वर्षांच्या अवधीत दोन करार दोन तऱ्हांनी मोडले होते. ते वर्तन आठवून पाहणे पुरेसे आहे.

पहिला करार जपानशी होता. १९०४ साली टोकियो येथे ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानच्या वतीने तो केला. त्याचे सार इतकेच की, इतर परक्या राष्ट्रांच्या मालास जी वागणूक मिळेल तीहून वाईट वागणूक जपानी मालास हिंदुस्थानात मिळणार नाही, आणि हिंदी मालास जपानमध्ये मिळणार नाही. सुमारे पंचवीस वर्षे हा करार कोणास टोचला नाही. जपान आपला आखूड धाग्याचा कापूस नेत असे. ओसाका व कोबे येथील गिरण्यांनी तो इतर जातींत मिसळून कातण्याची विद्या साधली होती. १९३० च्या सुमारास हिंदुस्थानातून निघणाऱ्या कापसापैकी निम्म्याच्या आसपास गाठी एकट्या जपानच्या वाट्यास जात. लँकेशायरच्या चात्यांस लांब धाग्याचा अमेरिकन आणि इजिप्तचा कापूस लागे. वऱ्हाडी कापसाकडे मँचेस्टरने ममतेने पाहिले असेल तर ते अमेरिकन पीक फसले तेव्हाच.

१९३१ च्या डिसेंबरात जपानने सुवर्णचलन सोडले आणि येनचा भाव कोसळला. जपानी कापड एकाएकी इतके स्वस्त झाले की, १९३२-३३ या एका वर्षात सुमारे ५८ कोटी वार कापड आपल्या बंदरांत उतरले. त्यापूर्वीच्या वर्षी तो आकडा ३४ कोटींच्या आसपास होता. मुंबईच्या गिरण्या आधीच मंदीने खचल्या होत्या. त्यांनी संरक्षणासाठी हाकाटी केली आणि सरकारने ती ऐकली. ब्रिटनखेरीज इतर देशांच्या कापडावरील जकात १९३२ च्या ऑगस्टात ५० टक्के झाली. तीही अपुरी पडली तेव्हा १९३३ च्या १० एप्रिल रोजी १९०४ चा करार संपविण्याची सहा महिन्यांची नोटीस जपानला देण्यात आली. आणि ही मुदत चालू असतानाच, जून महिन्यात, जकात ७५ टक्क्यांवर नेण्यात आली. कागदोपत्री हा दर सर्व ब्रिटनेतर देशांस सारखा होता, म्हणून कराराचा शब्द मोडला नाही. कराराचा अर्थ मात्र त्या दिवशीच संपला. ब्रिटिश कापड २५ टक्क्यांवरच राहिले, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. मुंबईच्या नावाने बांधलेल्या भिंतीस लँकेशायरसाठी दरवाजा ठेवलेला होता.

जपानने वखवख केली नाही, निषेधाचे लांबलचक खलिते पाठवीत बसला नाही. तेथील सूतगिरण्यांच्या संघाने हिंदी कापूस घ्यावयाचा नाही, असे ठरविले. झाले! शिवडीच्या कॉटन ग्रीनवर गाठींच्या थप्प्या चढू लागल्या. अकोला, अमरावती, खामगाव, जळगाव, धुळे या पेठांत ज्यांनी १९२९ नंतरच्या मंदीतून कसाबसा जीव वाचविला होता, त्यांच्यावर हे दुसरे संकट आले. नोटीस जपानी सरकारच्या नावे निघाली होती, पण ती बजावली गेली वऱ्हाडच्या शेतकऱ्यावर. त्यास ती कोणी वाचूनही दाखविली नाही.

पुढची हकीकत अधिक बोलकी आहे. १९३३ च्या सप्टेंबरात सिमल्यास वाटाघाटी सुरू झाल्या. हिंदुस्थान सरकारतर्फे सर जोसेफ भोर, जपानतर्फे सावादा. थंडी पडली तशी मंडळी दिल्लीस उतरली आणि १९३४ च्या जानेवारीत तडजोड झाली. तिचे स्वरूप असे की, जपानने वर्षास १० लाख गाठी कापूस उचलला तर त्यास साडेबत्तीस कोटी वार कापड पाठविता येईल. १५ लाख गाठी उचलल्या तर ४० कोटी वार, त्याहून जास्त नाही. जकात पुन्हा ५० टक्क्यांवर आली. १२ जुलै १९३४ रोजी लंडनमध्ये या करारावर सह्या झाल्या. म्हणजे एप्रिल १९३३ मध्ये ज्या गोष्टीचा विचार मनातही नव्हता, ती कापसाची गाठ आठ-नऊ महिन्यांत कराराचा मध्यबिंदू झाली. तिला तेथे कोणी नेले? मुंबईच्या गिरणीमालकांनी नेले नाही, दिल्लीच्या सरकारने आपण होऊन नेले नाही. आमच्या शेतकऱ्याचे वकीलपत्र ओसाकाच्या गिरणीवाल्यांनी घेतले, आणि तेही अर्थात स्वतःच्या फायद्यासाठी. आपल्या शेतकऱ्यास परक्याच्या बहिष्कारातून न्याय मिळावा यासारखी दुसरी नामुष्की नाही.

त्याच सुमारास, २८ ऑक्टोबर १९३३ रोजी, मुंबई गिरणीमालक संघाचे होमी मोदी आणि लँकेशायरचे सर विल्यम क्लेअर-लीज यांनी आपसांत समझोता करून टाकला. त्यात लँकेशायरने हिंदी कापसाचा वापर वाढविण्याची खटपट करावी, असे एक गोड वाक्य होते. अहमदाबादच्या गिरणीवाल्यांनी या समझोत्यास मान्यता दिली नाही, हे त्यांस भूषणावह होय. ज्या कामगारांच्या नावाने संरक्षण मागितले गेले होते त्या मुंबईच्या गिरणीकामगारांची मजुरी तर याच काळात कापली जात होती. १९३४ च्या एप्रिलात त्यांना सार्वत्रिक संप पुकारावा लागला. जकातीची भिंत उभी राहिली म्हणजे तिची सावली सर्वांवर सारखी पडते, असे मानणाऱ्यांनी गिरणगावचा हा इतिहास वाचावा. आज त्या गिरण्यांच्या आवारांत काचेच्या इमारती उभ्या आहेत. तेथे हा इतिहास कोणास आठवत असेल, याची आम्हांस शंका आहे.

दुसरा करार ओटावाचा. आम्ही पूर्वी शाळेत इतिहास शिकवीत असू, तेव्हा ओटावा हे नाव मुलांना एका वाक्यात सांगून पुढे जात असू. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे. आता वाटते की, कोरड्या वाटणाऱ्या या पानांवर आपण जरा थांबावयास हवे होते. १९३२ च्या उन्हाळ्यात कॅनडाच्या राजधानीत ब्रिटिश साम्राज्यातील देशांची परिषद भरली आणि साम्राज्यातल्या मालास परस्परांनी सवलतीचा दर द्यावा, असे ठरले. हिंदुस्थानच्या वतीने २० ऑगस्टला सही झाली. मध्यवर्ती विधिमंडळाने त्या वर्षअखेर त्यास मान्यता दिली, तीही चाचणी म्हणून. तीन वर्षे पाहू, मग बोलू, असा सभासदांचा रोख होता. नंतर १९३४ च्या निवडणुकीत काँग्रेस पक्ष भुलाभाई देसाई यांच्या नेतृत्वाखाली विधिमंडळात आला, आणि १९३६ च्या मार्चअखेर हा प्रश्न सभागृहापुढे आला. अनेक दिवस चर्चा झाली. सवलतींचा लाभ नेमका कोणास झाला, कोणत्या मालाची निर्यात वाढली व कोणत्याची घटली, ब्रिटनखेरीज इतर गिऱ्हाइके दुरावली काय, यांचा आकडेवार खल झाला. शेवटी बॅ. जिना यांची उपसूचना मंजूर होऊन करार संपवावा, असे सभागृहाने ठरविले. (जिना आणि काँग्रेस एका बाजूने मत देत आहेत, हे दृश्य पाहावयास पुढे फार थोड्यांचे नशीब राहिले.)

सरकारवर हा ठराव बंधनकारक नव्हता. तरीही मे महिन्यात सहा महिन्यांची नोटीस देण्यात आली. आणि नोटिशीची मुदत सरल्यावर काय झाले? सवलती एका रात्रीत कोसळल्या नाहीत. नवा करार होईपर्यंत जुना हंगामी रीतीने चालू ठेवला गेला आणि वाटाघाटी जवळजवळ अडीच वर्षे चालल्या. १९३९ च्या मार्चमध्ये जो नवा करार झाला त्यात लँकेशायरच्या कापडावरील जकात, लँकेशायर हिंदी कापसाच्या किती गाठी उचलते यावर वरखाली व्हावी, अशी योजना होती. सहा वर्षांपूर्वीच्या मोदी-लीज समझोत्यातील गोड वाक्याचे आता आकड्यांत रूपांतर झाले होते. विधिमंडळाने हाही करार फेटाळला आणि व्हाइसरॉयने आपल्या खास अधिकारात तो अंमलात आणला, ही गुलाम देशाची शोकांतिका वेगळी. पण दात नसलेल्या त्या विधिमंडळाने एक काम केले. करार मोडणे ही सरकारी दप्तरातील एक सही नसून देशातील निरनिराळ्या लोकांच्या लाभहानीचा प्रश्न आहे, हे त्याने उघड सभागृहात, नावानिशी व आकड्यांनिशी मांडावयास लावले.

आता स्वतंत्र देशाच्या सार्वभौम संसदेची स्थिती काय आहे ते पाहा. परराष्ट्रांशी करार करणे व मोडणे हा आपल्या घटनेप्रमाणे कार्यकारी सरकारचा अधिकार आहे. त्यासाठी संसदेची पूर्वसंमती लागत नाही. कायद्याच्या आधाराखेरीज कोणताही कर बसविता येत नाही, हे घटनेच्या २६५ व्या कलमाने सांगितले आहे. परंतु बसविलेली जकात माफ करण्यास १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या २५ व्या कलमाखाली एक अधिसूचना पुरते. सार्वजनिक हितासाठी ते आवश्यक आहे, इतके त्या अधिसूचनेत म्हटले की झाले. कोणत्या सार्वजनाचे हित, हे तीत लिहावे लागत नाही. परदेशी माल पडत्या भावाने येतो म्हणून एखाद्या कारखानदारास जादा जकात हवी असेल, तर त्यासाठी व्यापारमंत्रालयात स्वतंत्र महासंचालनालय आहे, तेथे अर्ज असतो, प्रतिपक्षास नोटीस असते, तोंडी सुनावणी असते. ही व्यवस्था चांगलीच आहे. पण शेतकऱ्याच्या मालावरचे संरक्षण काढावयाचे असेल तेव्हा अर्ज नाही, नोटीस नाही, सुनावणी नाही. चढण्यास जिना आणि उतरण्यास खिडकी, अशी ही इमारत आहे.

असे नेहमीच नव्हते. १९२३ पासून जकातमंडळे नेमली जात, ती साक्षी घेत, अहवाल छापीत. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या कायद्याने कायम स्वरूपाचा जकात आयोग स्थापन झाला. त्याचे ठाणे आमच्या मुंबईतच होते. त्याचे अहवाल रुक्ष असत, त्यास वेळ लागे, कारखानदार त्याच्या नावाने बोटे मोडीत. ज्या आयोगाच्या नावाने दोन्ही बाजू बोटे मोडतात तो आपले काम बरे करीत असला पाहिजे, असा आमचा अनुभव आहे. १९७६ मध्ये तो बंद झाला. १९९७ मध्ये त्याच नावाची एक संस्था पुन्हा उभी राहिली, तीही २०२२ मध्ये गुंडाळण्यात आली. हत्ती गेला, शेपूटही राहिले नाही.

याच्या उलट बाजूने एक आक्षेप येईल आणि तो बिनतोड वाटण्यासारखा आहे. जग आता १९३६ चे राहिलेले नाही, असे सांगितले जाईल. आज मोठी राष्ट्रे नोटीस देत नाहीत, करार मोडल्याचे जाहीरही करीत नाहीत; कराराचा कागद पेटीत तसाच ठेवून शेजारून नवा दर लावतात. १९४७ साली जिनिव्हात झालेल्या ज्या करारावर भारताने पहिल्या २३ देशांत सही केली, आणि १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या रूपाने जो चालत आला, त्याचे पहिलेच कलम सर्व सभासदांस सारखी वागणूक देण्याचे आहे. अमेरिकेने त्या संघटनेचा राजीनामा दिला नव्हता. तरीही २०२५ च्या एप्रिलपासून तिने देशादेशाला वेगवेगळा दर लावला, आणि त्यासाठी १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेतला. या अधिकाराविरुद्ध तिकडचे व्यापारीच न्यायालयांत गेले. अशा जगात आपण अकोल्यास सुनावणी भरवीत बसलो तर तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या देशाकडे निघून जाईल, असा हा आक्षेप आहे.

घाई असते, हे आम्ही मान्य करतो. परंतु आपल्या समोर असलेल्या उदाहरणात घाई किती होती? अमेरिकेने दुसरा २५ टक्क्यांचा बोजा ६ ऑगस्ट रोजी जाहीर केला आणि तो लागू करण्यास तीन आठवडे दिले. इतकी मुदत वॉशिंग्टनने दिल्लीस दिली. दिल्लीने पहिल्या आदेशात कापूस उत्पादकास एक दिवसाची दिली. शिवाय पहिल्या आदेशात ३० सप्टेंबर ही तारीख ज्याने कोणी घातली त्यास वेचणीचे दिवस ठाऊक होते, असेच मानावे लागते. दहा दिवसांनी ती तारीख बदलणाऱ्यासही ते ठाऊक असणारच. म्हणजे अज्ञानाची सबब येथे चालत नाही. शेतकऱ्याचे नुकसान होईल हे जाणून, ते पत्करण्यासारखे आहे असा निर्णय झाला. असा निर्णय कधीकधी करावा लागतो, हेही आम्ही नाकारीत नाही. मग तो तोंड उघडून करावा. निर्यातदारास सावरण्यासाठी कापूसवाल्यास जो तोटा होणार तो सरकारी तिजोरीतून भरून द्यावा, म्हणजे ओझे सर्व देशावर वाटले जाईल. किंवा भरून देता येत नाही, असे संसदेत सांगावे.

आमची मागणी यापलीकडे फार मोठी नाही. ज्या पिकाचा हमीभाव सरकारने पेरणीपूर्वी जाहीर केला, त्या पिकाच्या आयातीवरची जकात पेरणीपासून खरेदी-हंगाम संपेपर्यंत अधिसूचनेने हलविता येऊ नये; हलवावयाची असेल तर संसदेच्या मताने हलवावी. हमीभाव हे सरकारचे शेतकऱ्याशी असलेले करारपत्रच आहे. परराष्ट्राशी केलेला करार संपविण्यास सहा महिन्यांची नोटीस लागते, आणि स्वदेशातील कास्तकाराशी केलेला करार एका रात्रीत पोकळ करता येतो, हा व्यवहार उफराटा आहे. नवे करार करताना आणि जुने मोडताना बाधित होणाऱ्या पिकांच्या व धंद्यांच्या प्रतिनिधींची साक्ष घेणारी, दिल्लीबाहेर फिरणारी, अहवाल छापून प्रसिद्ध करणारी संस्था पुन्हा उभारावी. तिला नाव जकात आयोगाचे द्या की दुसरे कोणते द्या. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारात वर्षास ५१ हजार टन कापूस विनाजकात येऊ देण्याचे आपण कबूल केले आहे. आकडा लहान आहे आणि तो कापूस लांब धाग्याचा आहे, हे खरे. तथापि तो आकडा ५० किंवा १०० न होता ५१ का झाला, याचा खुलासा मागण्यास शेतकऱ्यास एक दार असावे.

संसदेच्या हाती आजही काहीच नाही, असे मात्र कोणी समजू नये. त्याच १९६२ च्या कायद्याच्या १५९ व्या कलमाप्रमाणे २५ व्या कलमाखालची अधिसूचना दोन्ही सभागृहांपुढे ठेवावी लागते, आणि अधिवेशनाच्या तीस दिवसांच्या मुदतीत दोन्ही सभागृहांचे एकमत झाल्यास ती बदलता किंवा रद्द करता येते. हे कलम बहुधा मेजावर पडून राहिलेल्या कागदांच्या ढिगाखाली झोपलेले असते. सूचना देण्यास पक्षाची परवानगी लागत नाही. एका सभासदाची सही पुरते. सूचना फेटाळली गेली तरी अर्थमंत्र्यांस उठून उत्तर द्यावे लागेल, आणि यवतमाळची साक्ष निदान कार्यवृत्तात नोंदली जाईल. विदर्भातून लोकसभेवर दहा सभासद जातात. ते सर्व पक्षांचे आहेत, आणि मते मागताना त्यांतील प्रत्येकाने पांढऱ्या सोन्याचे नाव घेतलेले आहे. अशी पुढची अधिसूचना सभागृहाच्या मेजावर येईल तेव्हा त्या दहांपैकी कोणाची सही प्रथम पडते, हे आम्ही याच स्तंभात छापू.